खाली सही कुणाची?

पत्र

ताई, नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यातला, वय ३८. कृषी सेवा केंद्र आहे, पाच एकर कोरडवाहू रान आहे, सोयाबीन-तूर घेतो. घरात आई, बायको, दोन लेकरं. मागच्या महिन्यात एक कोटीचा टर्म विमा काढायला गेलो. एजंट माझा साडूच आहे. इंग्रजी फॉर्म त्यानंच भरला, मी मराठीत सही केली. शुगरची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, तंबाखू खातो, वडील ५४व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. पण साडू म्हणाला, हे काही लिहायचं नसतं, सगळीकडं 'नाही' करायचं असतं. पहिल्या वर्षाचा हप्ता २२,००० भरला. मग मेडिकल झालं. आता कंपनीचं पत्र आलंय की शुगर आणि तंबाखू तपासणीत सापडलं, हप्ता ३१,५०० होईल, मान्य असेल तर सही करून पाठवा. ऑफिसात विचारलं तर 'अंडररायटिंगमधून आलंय' एवढंच सांगतात. साडू म्हणायलाय, "हे सोडून द्या, दुसऱ्या कंपनीत बिगर-मेडिकल पॉलिसी काढू, तीन वर्षं निघाली की कुणी काही विचारू शकत नाही." तिकडं लातूरला घर घ्यायचंय, त्या कर्जाची फाईलही बँकेत अंडररायटिंगला थांबलीय, कारण चुलतभावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन आहे आणि त्याचे हप्ते थकलेत. हे अंडररायटिंग नेमकं आहे तरी काय? सोयाबीनचा विमा काढताना कुणी एवढ्या चौकशा करत नाही, मग माणसाच्याच का? मी चोर आहे का?

उत्तर

भाऊ,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडं येतेच, पण त्याआधी एक निकडीची गोष्ट. २२,००० भरले म्हणजे विमा लागू झाला असं तुम्ही धरून चालला असाल, तर तसं नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की हप्ता भरला आणि कंपनीनं तो ठेवून घेतला एवढ्यानं करार होत नाही. प्रस्ताव स्वीकारल्याचं कंपनीनं कळवावं लागतं. तुम्हाला तर कंपनीनं उलट नवा भाव कळवलाय. त्यावर तुमचा होकार जाऊन पॉलिसी निघेपर्यंत तुमच्या लेकरांच्या नावानं काहीही नाही. तेव्हा हे पत्र कपाटात पडू देऊ नका.

दरम्यान बँकेत जाऊन दोन सरकारी योजनांचे अर्ज देऊन या. पंतप्रधान जीवन ज्योती योजना वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा बीमा योजना २० रुपये. पहिलीत कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दोन लाख, मात्र नव्यानं घेतल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाताचं संरक्षण. दुसरी अपघाताचीच, तिथंही दोन लाख. यांना मेडिकल नाही. का नाही, तेही पुढं कळेल.

आता शब्दाकडं. अंडररायटिंग म्हणजे शब्दशः 'खाली लिहिणं'. सतराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये एडवर्ड लॉईड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं. जहाजांचे मालक, कप्तान, व्यापारी तिथं बसायचे. कुणाचं जहाज निघणार असेल तर एका कागदावर जहाजाचं नाव, माल, कुठून कुठं जाणार हे लिहायचे आणि तो कागद दुकानात फिरवायचे. ज्याला वाटायचं की जहाज सुखरूप पोचेल, तो त्या मजकुराच्या खाली आपलं नाव लिहायचा, आणि किती रकमेपर्यंत नुकसान सोसायला तयार आहे तेही लिहायचा. जहाज पोचलं तर घेतलेला मोबदला त्याचा. बुडालं तर खिसा त्याचा. खाली सही करणारा तो अंडररायटर. आजही विमा कंपनीत हे काम करणाऱ्या माणसाला हेच नाव आहे. मराठीत हमीदारी, जोखीम-पडताळणी असे शब्द कागदोपत्री येतात, पण मी सत्तावीस वर्षं एका विमा कंपनीच्या शाखेत काढली, त्यातली एकवीस नव्या प्रस्तावांच्या टेबलावर, आणि आम्ही सगळे 'अंडररायटिंग'च म्हणायचो.

एक लक्षात घ्या. कुणीही शहाणा माणूस सही करायच्या आधी विचारणारच: जहाज जुनं आहे का, कप्तान कोण, वाट कोणती. तुमच्या रक्तातली साखर विचारणं हा तोच प्रश्न आहे.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार तुम्ही पाहिला असेलच. बैल घेणारा काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, खुरं उचलून बघतो, अंगावरून हात फिरवतो. विकणाऱ्यानं खोड सांगितली नाही तरी घेणाऱ्याला स्वतः तपासायची मुभा असते, कारण बैल समोर उभा आहे. फसलाच तर लोक म्हणतात, तुला डोळे नव्हते का. विम्यात हे उलटं आहे. कंपनीसमोर तुम्ही उभे नसता, तुमचा कागद असतो. वडील कशानं गेले, रात्री उठून किती वेळा पाणी पिता, पुडी दिवसाला एक लागते की तीन, हे फक्त तुम्हाला ठाऊक. १७६६ साली इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: जोखमीच्या खास गोष्टी बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यालाच माहीत असतात, समोरचा त्याच्या शब्दावर विसंबून सही करतो, म्हणून त्यानं काही दडवायचं नाही. आपल्याकडचा विमा कायदाही याच पायावर उभा आहे. बाजारात विकणाऱ्याला गप्प राहता येतं, प्रस्ताव अर्जात राहता येत नाही.

आता हप्ता वाढला का, ते बघू. समजा तुमच्या वयाच्या हजार माणसांनी मिळून भिशी घातली की वर्षात जो जाईल त्याच्या घरी एक लाख द्यायचे. समजा वर्षाला दोघं जातात. दोन लाख लागले, हजार जणांत वाटले, प्रत्येकी २०० रुपये. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेत.) आता त्यात आणखी शंभर आजारी माणसं काही न सांगता त्याच २०० रुपयांत शिरली आणि दोनाऐवजी पाच गेले, की प्रत्येकी साधारण ४५५ पडतात. धडधाकट माणूस म्हणतो, मला परवडत नाही, आणि बाहेर पडतो. मग उरलेल्यांवर अजून बोजा. अशी भिशी दोन-तीन वर्षांत मोडते, आणि ज्याच्या घरी शेवटी खरी गरज पडते त्याला द्यायला पैसे उरत नाहीत. अंडररायटरचं काम म्हणजे प्रत्येकाकडून त्याच्या जोखमीपुरता पैसा घेणं. कुणाला ठरलेल्या दरात घेतो, कुणाला वाढीव हप्ता लावून, कुणाला 'सहा महिन्यांनी या' म्हणतो, कुणाला नाही म्हणतो. तुम्हाला वाढीव हप्त्यात घेतलंय. हा नकार नाही, भाऊ. कंपनी खाली सही करायला तयार आहे, फक्त तुमचा भाव तुम्हाला लावून.

आणि ४३६ रुपयांच्या योजनेत मेडिकल का नाही? तिथं कोट्यवधी खातेदार एकाच पिशवीत येतात, रक्कम दोन लाखांवर थांबवलेली असते आणि वयाची हद्द असते, १८ ते ५० मध्येच घेता येते. इतक्या मोठ्या जमावात आजारी आणि धडधाकट यांची सरासरी बऱ्यापैकी निघून येते, तरी पहिल्या ३० दिवसांची अट ठेवावी लागतेच. तुम्ही एक कोटी मागताय, एकट्याच्या नावावर. तिथं एकट्यालाच बघणार.

तुम्ही विचारलंत, चोर आहे का. नाही. पण हा प्रश्न आपल्या मनात का येतो हेही मला कळतं, कारण अंडररायटिंगचा इतिहास काही स्वच्छ नाही. इंग्रजांच्या काळात विलायती कंपन्या भारतीय माणसाला विमा देताना तो भारतीय आहे एवढ्याच कारणावर जादा हप्ता लावायच्या. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल ही आपली कंपनी निघाली आणि तिनं भारतीयांना सर्वसाधारण दरात विमा द्यायला सुरुवात केली. कातडीच्या रंगावर हप्ता वाढवणं हा अन्याय होता. 'तीन महिन्यांची शुगर' वाढलेली असताना हप्ता वाढवणं हा हिशेब आहे. शुगरनं हृदय आणि किडनीवर काय होतं ते आपण घरोघरी बघतोच आहोत. त्यात तुमचे वडील ५४व्या वर्षी हृदयविकारानं गेले. प्रत्येक फॉर्मवर आई-वडिलांचं वय आणि मृत्यूचं कारण विचारतात ते याचसाठी.

आता साडूच्या 'तीन वर्षां'कडं येते. तो अगदीच खोटं बोलत नाही, म्हणूनच त्याचं म्हणणं धोक्याचं आहे.

विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५च्या दुरुस्तीनंतर त्यात असं आहे की आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणानं तिच्यावर हरकत घेता येत नाही. हे खरं आहे, आणि सामान्य माणसासाठी चांगलं आहे. पण त्याच कलमाचं बाकीचं तुम्हाला साडूनं सांगितलं नाही. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि लक्षात आलं की जाणूनबुजून माहिती दडवली होती, तर कंपनी दावा नाकारू शकते. फसवणूक ठरली तर भरलेले हप्तेही जातात. फसवणूक नाही, पण महत्त्वाची माहिती चुकीची होती असं ठरलं, तर हप्ते ९० दिवसांत परत देतात, एक कोटी नाही. आणि त्या कलमात एक ओळ आहे, जी मी टेबलावर बसून कितीतरी एजंटांना वाचून दाखवली: पॉलिसीधारक हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी वारसावर येते. म्हणजे वहिनींवर. 'नाही' तुम्ही लिहायचं, आणि ते 'नाही' खरं कसं होतं हे त्यांनी एकटीनं, तुमच्या माघारी, इंग्रजी कागद हातात घेऊन पटवून द्यायचं.

शिवाय ही तीन वर्षं एकदाच मोजत नाहीत. हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा चालू केली, तर चालू केल्याच्या तारखेपासून नवी तीन वर्षं. चालू करताना तब्येतीची घोषणा पुन्हा लिहून द्यावी लागते. आपल्याकडं पाऊस गेला की दुकानाची उधारी अडकते आणि पहिला मागं पडतो तो विम्याचाच हप्ता. दोन वर्षं लागोपाठ पीक गेलं तर साडूचा हिशेब कुठं जाईल?

शाखेतली शेवटची सहा वर्षं मी दाव्यांच्या टेबलावर होते. औसा तालुक्यातल्या एका बाई आल्या होत्या, लेकराला कडेवर घेऊन. मालक दीड वर्षात गेला होता. फॉर्म एजंटच्या अक्षरात, सगळ्या रकान्यांत 'नाही'. अशा लवकरच्या मृत्यूची चौकशी होतेच. चौकशी करणारा माणूस गावात गेला, मेडिकलवाल्याकडं जुनी बिलं निघाली, दवाखान्यात केसपेपर निघाला, त्यावर लिहिलेलं: 'मधुमेह, चार वर्षे'. बाईंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या मला एवढंच विचारत होत्या, "त्यांनी सही कशावर केली होती?" कंपनी चुकीची नव्हती, आणि बाईही चुकीच्या नव्हत्या. ज्याला उत्तर ठाऊक होतं तो माणूस तिथं नव्हता. त्या दिवसापासून नव्या प्रस्तावावर बारीक चौकशी आली की मला बरं वाटायला लागलं. ती चौकशी माणूस जिवंत असताना होतेय, समोर बसून उत्तर देता येतंय.

'फॉर्म एजंटनं भरला, मी वाचला नव्हता' हेही चालत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं एका आयुर्विमा प्रकरणात म्हटलंय की ज्यानं प्रस्तावावर सही केली त्याला न वाचता, न समजता सही केली असं म्हणून सुटता येत नाही. त्या प्रकरणात तर आजारही दडवला नव्हता, दुसऱ्या कंपनीची आधीची पॉलिसी सांगितली नव्हती, तेवढ्यावर नकार टिकला. तुम्ही इंग्रजी फॉर्मवर मराठीत सही केलीत. अशा वेळी फॉर्मच्या शेवटी एक घोषणा असते की 'मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला.' त्याखाली कुणाची सही आहे ते बघा.

आता दुसऱ्या कंपनीची बिगर-मेडिकल पॉलिसी. तिथल्या फॉर्मवरही एक प्रश्न असणारच: आजवर कोणत्या कंपनीनं तुमचा प्रस्ताव नाकारला, लांबवला किंवा जादा हप्त्यात स्वीकारला का? म्हणजे शुगर, तंबाखू आणि वडील यांच्या जोडीला चौथं 'नाही' लिहावं लागणार. कंपन्यांची माहिती एकत्र ठेवणारा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो २००९पासून आहे, तेव्हा पहिल्या कंपनीतली गोष्ट दुसरीला कळणारच नाही या भरवशावर राहू नका. आणि मुख्य गोष्ट अशी की जिथं रक्त तपासत नाहीत तिथं सही निव्वळ तुमच्या शब्दावर होते, म्हणून तिथला खोटा शब्द जास्त जड जातो. इथं निदान कंपनीनं स्वतः शुगर तपासलीय, तिला ती ठाऊक आहे, उद्या 'आम्हाला सांगितलं नाही' असं ती शुगरबद्दल म्हणूच शकत नाही. हे मेडिकल तुमच्या बाजूचा पुरावा आहे, भाऊ. ते टाकून देऊन कुठं जाता?

मग करायचं काय? नुसती सही करून पत्र परत पाठवू नका. तपासणीत सापडल्या त्या दोन गोष्टी कंपनीला कळल्या, पण तुम्ही दोन वर्षं गोळी घेताय आणि वडील कधी, कशानं गेले हे रक्तात दिसत नाही. साध्या मराठीत एक अर्ज लिहा: प्रस्ताव क्रमांक अमुक, अर्जात पुढील माहिती चुकीची गेली आहे, ती अशी दुरुस्त करावी. गोळीचं नाव, कधीपासून, डॉक्टरची चिठ्ठी, तंबाखू दिवसाला किती, वडिलांचं मृत्यूचं वय आणि कारण, आणखी कुठं विमा असेल तर तो. मनातल्या मनात 'हे काय सांगायचं' असं ज्याबद्दल वाटेल, ते आधी लिहा. शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्या, ईमेलही करा. कदाचित हप्ता ३१,५००च्या वर जाईल. जाऊ द्या. पॉलिसी आली की सोबत तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत यायला हवी. ती कुणाकडून तरी मराठीत ओळन् ओळ वाचून घ्या. काही चुकीचं दिसलं तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

आणखी एक हिशेब तुमच्या रकमेमुळं सांगते. दाव्यावरून वाद झाला तर विमा लोकपालांकडं फुकट तक्रार करता येते, मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. पण लोकपालांना ५० लाखांपर्यंतचीच भरपाई देता येते. तुमचा विमा एक कोटीचा. म्हणजे वाद झालाच तर वहिनींना तो सोपा रस्ताही पुरणार नाही, ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्यासाठीही आज कागद सरळ असलेला बरा.

साडूशी भांडू नका. तो वाईट माणूस आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं नाही. प्रस्तावाची पॉलिसी झाली तरच त्याला कमिशन मिळतं, आणि गावोगावी एजंटांना हेच शिकवलं गेलंय की कमी लिहा, लवकर पास होतं. त्याला एवढंच सांगा की दुरुस्तीचा अर्ज दोघं मिळून देऊ, पॉलिसी तुझ्याच नावानं निघू दे. त्याचं कमिशन कुठं जात नाही. तो हप्त्यातला वाटा परत देतो म्हणाला असेल तर तेवढं मात्र घेऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१नं त्याला बंदी आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

फरक वर्षाला ९,५०० रुपयांचा आहे. दिवसाला साधारण २६ रुपये. पुडीवर, चहावर आणि दुकानात बसल्या-बसल्या किती जातात ते तुमचं तुम्हाला माहीत. तंबाखूबद्दल उपदेश करणार नाही, पण दोन गोष्टी सांगते. विम्यात तंबाखू म्हणजे फक्त विडी-सिगारेट नाही. चघळायची तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्रीही त्यात येते. आपल्याकडं गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी 'मी काही ओढत नाही' म्हणून लोक 'नाही' लिहितात, आणि लघवीच्या तपासणीत चघळलेलीही दिसते. दुसरं, बहुतेक कंपन्या गेल्या बारा महिन्यांतला वापर विचारतात. खरोखर सोडलीत तर वर्षभरानं कंपनीला लेखी विचारा की फेरतपासणी करून दर कमी करता का. सगळ्या करत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे, तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो.

सोयाबीनचं विचारलंत. तिथंही अंडररायटिंग आहे, फक्त ते तुमच्या बांधावर होत नाही, महसूल मंडळाचं होतं. पीक विम्यात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात, त्यावरून उंबरठा उत्पन्न ठरतं, आणि कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न त्याच्या खाली आलं तर भरपाई. मंडळाचा इतिहास सरकारी दप्तरात असतो, कुणाला दडवता येत नाही, म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही. पण जोखीम मोजली जातेच. २०२०च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी एकाही कंपनीनं बोली लावली नव्हती, आठवतंय? खाली सही करायला कुणी तयार नाही, म्हणजे काय होतं, ते अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं. मग सरकारी कृषी विमा कंपनीनं ते काम घेतलं ते वेगळ्या अटीवर: नुकसानभरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्यानं उचलायचा, आणि भरपाई कमी झाली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकीचं राज्याला परत द्यायचं. त्यालाच पुढं 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. तिथं सरकारनं खाली सही केली, तेव्हा कुठं शेतकऱ्याला विमा मिळाला.

बँकेचं अंडररायटिंग म्हणजे हीच तपासणी कर्जाच्या बाजूनं. तुमची मिळकत किती, आधीचे हप्ते किती, घराची किंमत किती, आणि आजवर घेतलेलं वेळेवर फेडलं का. घराच्या किमतीचा काही भाग तुम्हालाच घालावा लागतो: ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के. तुमची शेतीची मिळकत करमुक्त आहे म्हणून कागदावर ती फिकी दिसते. दुकानाचं आयकर विवरण दरवर्षी भरत राहा, त्यात शेतीचं उत्पन्नही दाखवा. विमा कंपनीलाही एक कोटी कशाच्या जोरावर मागता हे त्यावरूनच कळतं.

पण तुमची फाईल अडलीय ती ट्रॅक्टरवर. आणि इथं मला तुम्हाला थोडं थांबवायचंय. चुलतभावाच्या कर्जाच्या कागदावर तुम्ही खाली सही केलीत. म्हणजे तिथं अंडररायटर तुम्हीच आहात, भाऊ. किती थकलं तर मला भरावं लागेल, तो फेडेल कशातून, हे तुम्ही विचारलंत का? करार कायदा १८७२च्या कलम १२८प्रमाणं जामीनदाराची देणेदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी भावाकडं जाऊन मग तुमच्याकडं येईल असं काही बंधन नाही. ते थकलेलं कर्ज तुमच्याही सिबिलच्या अहवालात दिसतं आणि ३०० ते ९०० मधला तुमचा आकडा खाली ओढतं.

सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा, ट्रॅक्टरचं खातं त्यात कसं दाखवलंय ते बघा. चूक असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. चूक नसेल तर भावाला घेऊन बँकेत बसा आणि थकलेले हप्ते भरून खातं नियमित करून घ्या, त्यासाठी थोडे पैसे तुम्हाला घालावे लागले तरी. घरकर्जाच्या आधी हे करा. 'तडजोड करून कमी रकमेत मिटवू' असं कुणी सुचवलं तर घाई करू नका. अहवालात 'सेटल्ड' असा शिक्का राहतो, आणि पुढचा बँकवाला तो वाचतो. जामिनातून बाहेर पडायचं असेल तर भावाला दुसरा जामीनदार द्यावा लागेल आणि बँकेनं तो मान्य करावा लागेल. नुसतं 'मी आता जामीन नाही' म्हणून चालत नाही. भावकीत हे बोलणं अवघड आहे, ठाऊक आहे मला. तरी बोला.

तुमच्या पुण्या-मुंबईतल्या नातलगांकडून शेअरच्या बाबतीतही हा शब्द कानावर येईल. कंपनी नवे शेअर विकायला काढते तेव्हा न विकलेले शेअर आम्ही घेऊ असं लिहून देणारी संस्था, तीही अंडररायटर. तुमच्या कामाचं एवढंच की ती सही शेअर पुढं वाढेल याची नसते.

राहिलं एक. घरकर्ज मंजूर झालं की बँकेचा माणूस टेबलावर आणखी एक फॉर्म ठेवील, कर्जाच्या विम्याचा. हप्ता एकरकमी, कर्जातच मिळवलेला, आणि त्यात चार ओळींची घोषणा असेल की माझी तब्येत ठणठणीत आहे, मला मधुमेह नाही. पंचवीस सह्यांमध्ये ती सव्विसावी सही होऊन जाते. ठरावीक कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, तेव्हा घ्यायचा की नाही ते शांतपणे ठरवा. घ्यायचा ठरला तर पेन खाली ठेवा, तो भाग मराठीत वाचून घ्या, आणि शुगरच्या रकान्यात 'हो' स्वतःच्या हातानं लिहा. गोळीची चिठ्ठी सोबत घेऊन जा, नाव विचारतात.